जांभळा उजेड

हितेंद्रचा अंगठा आधी सरकला आणि आपण काय केलं ते त्याच्या मागाहून लक्षात आलं. मोबाइलवरची जांभळ्या दिव्याची पट्टी वरच्या टोकापासून एकदम तळाला आली, दिवाणखान्यातला तो गर्द उजेड विझला आणि प्रवाळांच्या काचेच्या टाकीवर नुसता पांढरा दिवा उरला. झालं ते एवढंच. रविवारची दुपार, पडदे ओढलेले, खाली गल्लीत कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं. त्याच्या मुलीचं, भूमिकाचं, बोट अजून हवेतच होतं. त्याच बोटाने ती आत्ता आत्याचे हात दाखवत ओरडली होती, ‘आत्या, अगं हात बघ तुझे! कोरलसारखे चमकतायत!’ आणि ते खरंच होतं. सोफ्याच्या दांडीवर ठेवलेले सुमनअक्काचे दोन्ही हात, कोपरापर्यंत चढलेले कोडाचे डाग, एरवी दुधात हळदीचा थेंब पडावा तसे फिकट दिसणारे, त्या उजेडात आतून कुणी दिवा लावल्यासारखे निळसर उजळले होते. ओठाच्या कोपऱ्यातला डाग उजळला होता, मानेवरचा उजळला होता. अक्का स्वतः हसली होती. तिने दोन्ही हात वर धरून उलटेपालटे करून पाहिले होते आणि म्हणाली होती, ‘खरंच की वं बाई!’ तेवढ्यात उजेड गेला. तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने हातांकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं. मग पदर पुढे ओढून घेतला आणि दोन्ही हात त्याखाली नेले, देवघरातून उठताना माणूस नकळत कपडे सारखे करतो तसे. ‘फार वेळ लावायचा नसतो तो,’ हितेंद्र म्हणाला. ‘तापतो.’ ‘पण आत्ताच तर लावला,’ भूमिका म्हणाली. 

तो दिवा किती वेळ लावायचा, किती लावायचा, याचाच तर महिनोन्महिने त्याच्या डोक्यात घोळ चालला होता. जळगावात त्याची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब होती. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरून पाहायचं आणि घरी येऊन जेवून झोपायचं, यात आपलं म्हणून काहीच नाही असं वाटून त्याने चार फुटांची ही टाकी घेतली होती. मीठ तोलून घातलेलं, यंत्रातून गाळलेलं पाणी, पांढरी रेती, दगड, आणि त्या दगडांवर चिकटवलेली मऊ जातीची कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळं. समुद्र त्याने उभ्या जन्मात दोनदा पाहिला होता. टाकीबरोबर आलेला दिवा एकच होता, मधोमध टांगलेला. त्याच्याखालची कोरल फुलायची, कडेची मात्र अंधाऱ्या कोठीत राहिलेल्या बटाट्याला कोंब फुटावेत तशी माना लांबवून उजेडाकडे वाकायची. रंगही गेले. दुकानात हिरवीगार नि केशरी दिसलेली बटणाएवढी तोंडं घरी येऊन मातकट झाली. मग तो वाचत सुटला. इंटरनेटवर जगभरची माणसं त्यावर भांडत होती. कुणी म्हणे वॅट बघा, कुणी म्हणे वॅट गेले खड्ड्यात, उजेड तळाच्या कोपऱ्यापर्यंत किती पोचतो ते बघा. जेवताना तो बायकोला, शिल्पाला, विचारायचा, ‘पुरेसा म्हणजे किती गं?’ शिल्पा म्हणायची, ‘मला विचाराल तर आहे तोच जास्त आहे. टाकीचा दिवा लागला की मी ट्यूबलाइट बंद करते.’

शुक्रवारी तो दिवे आणायला धुळ्याला गेला तेव्हा अक्का बरोबर होती. फैजपूरला तिचा केळ्याच्या वेफर्सचा छोटा कारखाना होता; काप पाडायच्या यंत्राची तबकडी बोथट झाली होती आणि ती धार लावणारा तिच्या विश्वासाचा माणूस धुळ्यात. त्यासाठीच ती आली होती, भावाकडे चार दिवस राहून जाणार होती. तबकडी धारेला टाकून, ती परतताना घ्यायचं ठरवून, ते पारोळा रोडवर चंदनच्या मत्स्यालयाच्या दुकानात गेले. गाडी उभी करताना हितेंद्र म्हणाला होता, ‘तू बस हवं तर, मी पाच मिनिटांत येतो,’ आणि अक्का म्हणाली होती, ‘कायले? मीबी पाह्यते.’ चंदन हा बोलका तरुण. त्याने एका पेटीत दिवे लावून दाखवले, पाण्यात काडीसारखा मीटर बुडवून आकडे दाखवले. मधोमध भरपूर, कडेला निम्म्याहून कमी. ‘सर, एकच मोठा दिवा घेतला तरी कडा अंधारातच राहतील. त्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन घ्या, जरा उंच टांगा. एकाचा उजेड दुसऱ्याच्या उजेडात मिसळला पाहिजे.’ अक्का काचेला नाक लावून पाहत होती. ‘इतका उजेड कायले लागते त्यायले?’ तिने विचारलं. चंदनने तिला समजावलं की हा प्राणी आहे, पण याच्या अंगात बारीक शेवाळं राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि त्यावर हा जगतो. ‘म्हंजे अर्धं झाडच झालं,’ अक्का म्हणाली. ‘मंग ऊन जास्ती झालं तं?’ चंदन रंगात येऊन अहिराणीवर उतरला. ‘बठ्ठा उजेड एकदम नही देवाना, अक्का. हळूहळू वाढाडाना. नही ते जळतस. पांढरे पडी जातस.’ आणि बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातांवर गेली असावी, कारण तो एकदम दिव्याची वायर गुंडाळायला लागला. अक्काला काहीच वाटलं नाही. वाटलं हितेंद्रला. तो दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिला आणि साठवून ठेवलेले सगळे प्रश्न गिळून म्हणाला, ‘दोन द्या. बांधून द्या लवकर.’

ऊन जास्ती. ते दोन शब्द त्याने धुळ्याहून जळगावपर्यंत ऐकले, आणि आता रविवारच्या दुपारी, पडदे पुन्हा उघडताना, ते परत कानात आले. रावेरजवळच्या त्यांच्या गावात, घराच्या मागच्या अंगणात, अक्का उन्हात बसलेली असायची. तेव्हा डाग ओठापाशी आणि मनगटावर एवढेच होते. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, कुण्या वैद्याकडून बावचीचं तेल आणलं होतं. ते लावून डोक्यावरचं ऊन घ्यायचं. किती घ्यायचं, ते वैद्याने सांगितलं नव्हतं किंवा आबांनी ऐकलं नव्हतं. जितकं जास्त तितकं बरं, असा घरात हिशेब. अक्का पोत्यावर बसायची, हात पुढे पसरून, जणू कुणी काही वाढणार आहे. लहानग्या हितूला तिच्याजवळ खेळायला बसवलेलं असायचं, पण सावलीत. त्याला वाटायचं, अक्काचे लाड चाललेत. संध्याकाळी तिच्या मनगटांना फोड यायचे, पाण्याने भरलेले, आणि आई त्यांवर लोणी लावत म्हणायची, ‘थोडं सोस, माय. पुढं सारा जनम हाये.’ डाग गेले नाहीत. फोड बसले तिथून आणखी पसरले. मग एक दिवस आबा दमले आणि पोतं उचललं गेलं, आणि पुढे घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही.

आणि बोलायची गरजही कधी पडली नाही, हे त्याला आज प्रथमच नीट दिसलं. पाहुणे यायचे त्या दिवशी अक्काला मळ्यात काम निघायचं. त्याचं स्वतःचं लग्न ठरत होतं, धुळ्याहून शिल्पाकडची माणसं आली, तेव्हा अक्का सकाळीच केळीच्या कापणीवर गेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिला कुणीच कधी काही सांगितलं नाही. ती आपण होऊन बाजूला व्हायची, आणि त्यामुळे घरातल्या बाकी सगळ्यांचे हात स्वच्छ राहायचे. शिल्पा तिला भेटली ती लग्नानंतर, आणि तिने काही विचारलंही नाही. आबा गेल्यावर अक्काने फैजपूरला खोली घेतली, कढई टाकली, पुढे यंत्र घेतलं, बायका कामाला ठेवल्या. तिच्या वेफर्सच्या पुड्या आता जळगावच्या दुकानांतही दिसायच्या, आणि हितेंद्र चारचौघांत अभिमानाने सांगायचा, ‘आमच्या अक्काचा माल.’ माल सांगायला त्याला कधी लाज वाटली नाही. इतकी वर्षं तो स्वतःला चांगला भाऊ समजत आला होता. राखीला जायचा, आजारपणात जायचा. आज मात्र अक्का आपण होऊन बाजूला झाली नव्हती, ती सोफ्यावर बसून हसत होती, आणि जे काम ती इतकी वर्षं करत आली ते या वेळी त्याच्या अंगठ्याला करावं लागलं. तेही कुणी परकं घरात नसताना. कुणापासून लपवलं आपण? या प्रश्नापाशी तो थांबायचा आणि तिथून पुढे जायचं सोडून पडद्याच्या कड्या सारख्या करायचा.

परके यायचे होते संध्याकाळी. लॅबच्या जवळच दवाखाना असलेले डॉक्टर आणि त्यांची बायको, टाकी पाहायला. डॉक्टर नुकतेच ओळखीचे झाले होते आणि हितेंद्रला ते फार आवडत होते. त्यांची भाषा, त्यांचं वाचन, त्यांनी आपल्याला बरोबरीचं समजणं. त्यांच्यासाठीच खरं तर त्याने दिवे घाईने बसवले होते. पांढऱ्या उजेडात टाकी म्हणजे दगडावरचा चिखल. जांभळा लावला तरच ती समुद्र. आणि जांभळा लावला तर, असं म्हणून त्याचं मन पुन्हा त्या सोफ्यापाशी यायचं. स्वयंपाकघरात शिल्पाने हळूच विचारलं, ‘अक्कांचं काय करायचं?’ ‘काय करायचं म्हणजे?’ तो जरा मोठ्यानेच म्हणाला. ‘त्या आपल्या घरच्या आहेत.’ शिल्पा म्हणाली, ‘मी तेच म्हणतेय. तुम्हीच दुपारपासून त्यांच्याकडे बघत नाही आहात.’ तो बाहेर आला. अक्का पाय मोकळे करत गॅलरीत उभी होती. तो बोलायला गेला, ‘अक्का, तू दमली असशील ना,’ आणि एवढ्यावरच अडकला. अक्काने वळून पाहिलं. वाक्य पुढे कुठे जाणार आहे ते तिला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडून बाहेर पडू नये म्हणून की काय, तीच म्हणाली, ‘आत पडते जराशी. गुडघे धरू राह्यले.’ ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. हितेंद्रच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि आपल्याला बरं वाटलं हे त्याला कळलं. भूमिका दिवाणखान्याच्या दारात उभी होती. तिने आत्याच्या दाराकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. 

डॉक्टर आले ते दिवेलागणीला. बसणं झालं, पाणी झालं. हितेंद्रने ट्यूबलाइट घालवून जांभळी पट्टी हळूहळू वर नेली, आणि दगड पेटले. हिरवी, केशरी, लिंबाच्या सालीसारखी तोंडं उघडली. एका मऊ पंख्यासारख्या कोरलची टोकं गुलाबी झाली. ‘अहो, ही तर दिवाळीच!’ डॉक्टर म्हणाले आणि गुडघ्यांवर वाकून पाहायला लागले. हितेंद्र बोलत होता, एक दिवा का पुरत नाही, दोन उजेड एकमेकांत कसे मिसळावे लागतात, उजेड हळूहळू का वाढवावा लागतो. आपला आवाज त्याला छान वाटत होता. डॉक्टरांच्या बायकोने बशीतला वेफर तोंडात टाकला. ‘किती खुसखुशीत! घरी केलेत?’ तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज आला; अक्काला आडवं पडणं कधी जमलंच नव्हतं, ती मधल्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकत होती. ‘आत कोण आहे? सासूबाई का?’ बाईंनी सहज विचारलं. शिल्पा बशी भरत होती. भूमिका बाबांजवळ उभी होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलं की मूल बाईंच्या तोंडाकडे पाहतं, तसं. तो टाकीकडे पाहत राहिला. मग भूमिका म्हणाली, अगदी सहज, पाठ असल्यासारखं, ‘स्वयंपाकाच्या मावशी आहेत.’

शिल्पाचा हात बशीवर थांबला. एक शब्द पुरला असता. ‘छे गं, काय बोलतेस, आत्या आहे तुझी,’ असं हसत म्हटलं असतं तर ती पोरीची गंमत ठरली असती आणि सगळे हसले असते. हितेंद्रला तो शब्द सापडला होता, जिभेवर होता, आणि त्याने तोंड उघडून म्हटलं, ‘आता ही इकडची जात बघा, डॉक्टर. हिला कमी उजेड चालतो.’

अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे दोन्ही हातांनी धरावा लागतो, पदराखाली हात घेता येत नाहीत. त्या उजेडात ती आली तेव्हा आधी तिचे हातच आले, निळसर, उजळलेले, आणि मग मागून चेहरा. डॉक्टरांनी पाहिलं, त्यांच्या बायकोने पाहिलं.  अक्काने वाकून एकेक कप ठेवला. ‘घ्या, साहेब. घ्या, बाई.’ मग हितेंद्रसमोर कप ठेवत म्हणाली, ‘साहेब, आजून काही लागन का?’ त्या आवाजात त्याने टोमणा शोधला. पुढे कितीतरी वेळा शोधला. तो नव्हता. पगारावरच्या बाईने विचारावं तसं तिने विचारलं होतं. आणि जाता जाता भूमिकापाशी थांबून, ‘ताई, तुमचं दूध गाळून ठेवलं हं आत.’ भूमिकाचा चेहरा त्या जांभळ्या उजेडातही पांढरा दिसला. हितेंद्र म्हणाला, ‘बस.’ तेवढा एकच शब्द. रात्री अंथरुणावर तो स्वतःला सांगून पाहणार होता की आपल्याला ‘बस इथे, अक्का, आमच्याजवळ बस’ असंच म्हणायचं होतं. पण तो पुरे म्हणाला होता, आणि अक्काला ते पुरे असंच ऐकू आलं होतं, आणि ती आत गेली.

सकाळी तो तिला सोडायला निघाला. ती एसटीने जाते म्हणत होती, त्याने ऐकलं नाही. धार लावलेली तबकडी कापडात गुंडाळून तिच्या मांडीवर होती. तापीचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. शेवटी तीच बोलली. ‘तोंड कायले पाडलं? मी रागावली नाही.’ ‘अक्का, मी,’ तो म्हणाला. ‘थांब,’ ती म्हणाली. ‘लाजीची मले सवय हाये, हितू. आबाले होती, मायले होती. तुलेबी असन, मी कधी धरलं नाही मनात. पन पोरीले नव्हती रे. तिले माझे हात दिसले अन् ती हासली. आजवर माझ्या हाताले पाहून कोनी हासलं नव्हतं असं. मले इतकं बरं वाटलं म्हनून सांगू! अन् तू बत्ती विझवली. तिनं ते पाह्यलं. संध्याकाळपावतो शिकून गेली ती.’ पुढे केळीने भरलेला ट्रॅक्टर होता, त्याच्यामागे गाडी हळू झाली. ‘चहा घेऊन मी कायले आली बाहीर? पोरगी पाहुन्याम्होरं खोटी पडू नये म्हनून. तुह्यासाठी नाही आली.’ एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहायला लागली आणि थोड्या वेळाने कुणाच्या तरी मळ्यातल्या घडांबद्दल काहीतरी साधंच बोलली. फैजपूरला कारखान्यापाशी ती उतरली. आतून बायकांनी ‘आली वं, अक्का आली’ म्हणून गलका केला. तिने त्याला आत बोलावलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

जळगावला परतल्यावर लॅबमध्ये न जाता तो सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. बाकावर पेशंटांच्या रांगेत बसला. फोन करता आला असता, पण फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, आणि आज आपलं तोंड दिसायला हवं असं त्याला वाटत होतं.  ही ओळख तुटेल, डॉक्टर तुटक हसतील, पुन्हा घरी येणार नाहीत. ते सगळं त्याने मनाशी धरलं आणि आत गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, ‘काल ज्यांनी चहा दिला ना, ती माझी मोठी बहीण. सख्खी. स्वयंपाकाची बाई नव्हे.’ डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली. ‘माहीत आहे मला,’ ते म्हणाले. ‘म्हणजे?’ ‘अहो, चेहरा तुमचाच आहे. कपाळ, नाक, सगळं. तुमच्या जिन्यातच मिसेस म्हणाली, बहीण दिसते. मी म्हटलं, असेल त्यांचं काही, आपण कशाला बोला.’ ते थोडं थांबले आणि चांगुलपणाने म्हणाले, ‘त्या डागांनी कुणाला काही होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही तर लॅबवाले.’ ‘हो, माहीत आहे,’ हितेंद्र म्हणाला. ‘मग?’ डॉक्टरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते, उत्तराची वाट पाहत होते.  बाहेर एक म्हातारा खोकत होता. डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि हितेंद्र बाजूला झाला.

तो जिना उतरला आणि आपल्याच गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. कप ठेवणाऱ्या अक्काला, बशी धरलेल्या शिल्पाला, गुडघ्यांवर वाकलेल्या डॉक्टरांना, वेफर खाणाऱ्या बाईंना. त्या उजेडात सगळे एकमेकांना नीट दिसत होते आणि त्याच्यावर दया करून सगळ्यांनी चहा प्यायला होता. फक्त आपल्याला वाटत होतं की आपण काही झाकतोय. आणि ती एक पोर, जिने हे त्याच्याकडून घेतलं होतं आणि त्याच्यासाठी केलं होतं.

तो घरी आला तेव्हा भूमिका शाळेतून येऊन बाकावर चित्र रंगवत बसली होती. त्याने चप्पलही काढली नाही. तिच्यासमोर उभं राहून त्याने तिला सांगितलं, की आपण डॉक्टरकाकांकडे गेलो होतो, आत्या आपली सख्खी बहीण आहे हे त्यांना सांगून आलो, आणि ते त्यांना आधीच ओळखू आलं होतं. भूमिकाचा खडू थांबला.

‘म्हणजे मी मावशी म्हटलं, ते खोटं आहे हे त्यांना कळलं?’

‘हो.’

‘आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तेही?’

‘तेही.’

तिने खडू खाली ठेवला. ‘आत्याला वाईट वाटलं का हो? हात चमकतात म्हणून तुम्हाला आवडत नाहीत, असं वाटलं का तिला?’

‘हो,’ तो म्हणाला. ‘आणि ते खरं होतं.’

हे आपण म्हणू असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. भूमिकाने त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या नव्या माणसाकडे पाहावं तसं. मग ती रंगांचे खडू गोळा करून बाकावर जराशी बाजूला सरकली. त्याला बसायला जागा करून दिली, का ती त्याच्यापासून लांब झाली, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. तो उभाच राहिला.